चित्र उपलब्ध नाही

४ मार्च, सोमवार

आले एकदाची. खोली बघितली आणि बॅग खाली न ठेवताच हो म्हणून टाकलं. तिसरा मजला, गॅलरीच्या टोकाला एकटंच दार, आत एक पलंग, एक टेबल, आणि खिडकीतून समोरची गच्ची. गच्चीवर कुणीतरी मोजे वाळत घातलेत, सगळे निळे. एका माणसाला एवढे निळे मोजे कशाला लागत असतील याचा विचार करत मी तशीच उभी, आणि घरमालकीण किल्ली घेऊन दारात उभी. बाई खालच्या मजल्यावर राहतात. विचारलं, किती दिवस राहणार. मी म्हटलं, बघू. त्या म्हणाल्या, बघू म्हणणारी माणसं दिवा चालू ठेवून निघून जातात. आवडल्या मला.

नोकरी तर खोलीपेक्षा झकास. ऑनलाइन दुकान आहे. भांडी, पडदे, बूट, दिवे, काय वाटेल ते विकतं, खूप भाषांत चालतं, आणि आता आपल्या भाषेतही उघडणार. मला शेवटची पानं दिलीत. म्हणजे गिऱ्हाईक हवं ते निवडतं, मग नाव-पत्ता भरतं आणि ऑर्डर पक्की करतं, ती पानं. चेकआउट म्हणतात त्याला. शाळेचा दाखला कुणी मागितला नाही, नाहीतर पंचाईत होती. शाळा मी अर्ध्यातच सोडली, की शाळेने मला, यावर अजून घरात एकमत नाही. त्यानंतर बोटीवर तिकिटं फाडली, हॉटेलात किल्ल्या वाटल्या, डोळ्यांच्या डॉक्टरकडे लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. भाषा त्या नादात गोळा झाल्या, गवतातून चालताना कुसळं चिकटतात तशा.

ताईला फोन केला. माझी थोरली बहीण. ती म्हणाली, म्हणजे तू बटणांवरची अक्षरं लिहिणार. मी म्हटलं, तसंच काहीसं. म्हणाली, बरं झालं, बटण तरी एका जागी असतं, त्याच्याकडून शीक काहीतरी. मागून चिऊ ओरडत होती की मावशीला सांग माझा दात पडला. चिऊ माझी भाची. दात तिने मला फोनवर ऐकवला, डबीत घालून खुळखुळवून.

ही वही ताईनेच दिली. म्हणाली रोज लिही, निदान तू कुठे आहेस ते तुला तरी कळेल.

६ मार्च, बुधवार

ऑफिस म्हणजे गोदामावरचा एक लांब हॉल. खाली माल बांधतात, त्याची घरघर पायांतून वर येते. वर टेबलांची रांग, एका टेबलाला एक भाषा. माझ्या शेजारी एक उंच गृहस्थ बसतात. उकडत असूनही गळ्यात हिरवा मफलर. नाव विचारलं तर म्हणाले, काय करायचंय. म्हणून मी त्यांना मफलरच म्हणते, मनात.

इथे कोणी कोणाशी बोलत नाही. सकाळी मी सगळ्यांना हसून दाखवलं, एका बाईने माझ्याकडे बघून खुर्ची फिरवून घेतली. दुपारी माझा कप सापडेना. केराच्या टोपलीत होता. फुटलेला नव्हता, नुसता टाकलेला. मी काढून धुतला आणि त्यातूनच चहा प्यायले, सगळ्यांसमोर, आवाज करत.

हॉलच्या टोकाला मॅडम. कामाची रीत त्यांनी एकदाच सांगितली. पान आपण भाषांतर करायचं. शेजाऱ्याने ते बघायचं. त्याला आपली भाषा येत नसली तरी चालतं, अक्षरं चौकोनात बसतात ना, बटणावरून सांडत नाहीत ना, एवढंच त्याने बघायचं आणि हिरवी खूण करायची. शेजाऱ्याची खूण झाली की ते पान चालू होतं. माझा शेजारी मफलर. मी विचारलं, काही अडलं तर कुणाला विचारू. मॅडम म्हणाल्या, इथे कोणी कोणाला शिकवत नाही. चिडून नाही. खिडकी बंद आहे असं सांगावं तसं.

हॉटेलातला स्वयंपाकीही पहिल्यांदा असाच होता. मग माझ्याशी पत्ते खेळायला लागला. होईल सवय.

८ मार्च, शुक्रवार

आज पत्त्याचं पान. पान झालं की आपणच गिऱ्हाईक होऊन एक ऑर्डर द्यायची, म्हणजे कुठे काय बिघडतंय ते कळतं. त्यासाठी दुकानात एक खोटा माल ठेवलाय. नाव ‘नमुना वस्तू’, किंमत शून्य, फोटोच्या जागी एक करडा चौकोन आणि त्याखाली ‘चित्र उपलब्ध नाही’. ते शब्द कालच मी लिहिले. पत्ताही खोटाच द्यायचा, तो भिंतीवर चिकटवलाय: अबक, रस्ता १, गाव १. वर लिहिलंय, चाचणीसाठी हाच पत्ता वापरा. ‘हाच’च्या खाली दोन रेघा.

आता मला सांगा, अबक रस्ता एक यावरून काय कळणार. आपले पत्ते असे असतात का. आपल्या पत्त्यात कशाच्या तरी मागे, कशाच्या तरी समोर, जिना चढून डाव्या हाताला, कुत्रं बांधलेलं असतं, एवढं सगळं येतं. चौकोनात मावायला हवं ते मावतं का हे बघायचं तर खराखुरा लांब पत्ता पाहिजे. मला एकच पत्ता पाठ आहे, ताईचा. घर सोडल्यापासून मी जिथे जाईन तिथे कागदावर ताईचाच पत्ता लिहिते, कारण माझा असा कुठे असतो. तोच घातला. नावाच्या चौकोनात चिऊचं नाव घातलं, कागदावरचं, आजोबा-पणजोबांसकट. तेही मावलं.

मफलर खूण करायला वाकले. पडद्यावरचा पत्ता त्यांनी वाचला, भाषा येत नाही तरी बराच वेळ बघत राहिले, आणि भिंतीवरचा कागद बघितला. मग खूण केली. आणि हसले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं, चला, गाडी रुळावर येतेय.

१२ मार्च, मंगळवार

ताईचा फोन. म्हणाली, चिऊच्या नावाने खोकं आलंय, तू पाठवलंस ना, आत काहीच नाही, विसरलीस का घालायला. मी म्हटलं, मी कुठलं पाठवतेय. म्हणाली, तुझंच दुकान आहे, नाव छापलंय वर. रिकामं खोकं, पण जड. भावजींना एकट्याने हलेना म्हणून दाराबाहेरच ठेवलंय. भावजींचं म्हणणं, एवढ्या चांगल्या पुठ्ठ्याचं खोकं त्यांच्या ऑफिसात साहेबालाही मिळत नाही.

मॅडमना विचारलं, चाचणीची ऑर्डर खरंच जाते का. म्हणाल्या, अबकला काय जाणार. मग विचारलं, तू कोणता पत्ता घातलास. मी म्हटलं, भिंतीवरचा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मागे टंकणारे सगळे थांबले होते. मी वळले तशी बोटं पुन्हा चालू.

कप आज मी खिशात घालून फिरले.

१४ मार्च, गुरुवार

आज वेगळं पान. ऑर्डर दिल्यावर माल कुठवर आला ते गिऱ्हाईकाला दिसतं, त्या ओळी. मिळाली, बांधली, निघाली इथपर्यंत ठीक. पुढे मुळातच काहीतरी घोळ आहे. माल दारात. माल घरात. माल रुळला. बदलीचा माल तयार. बदलीचा माल नेला.

बदलीचा म्हणजे कसला, मी विचारलं. गिऱ्हाईकाने बदलून मागितला नसेल तर? मॅडम म्हणाल्या, तुला समजायला दिलेलं नाही, लिहायला दिलंय.

‘दारात’ आणि ‘घरात’ लिहून टाकलं. मफलरने लगेच खूण केली. बाकीच्या पानांना तासन्‌तास लावतात.

१५ मार्च, शुक्रवार

ताईकडे खोकं आत आलंय. भावजींना वाटलं ताईने शेजाऱ्यांच्या मदतीने घेतलं, ताईला वाटलं भावजींनी. दोघं एकमेकांना शाबासकी देऊन बसले, मग कळलं कुणीच नाही. ताई हसत होती. चिऊच्या खोलीत आहे म्हणे, खिडकीखाली. चिऊ मात्र तिथे झोपत नाही, हॉलमध्ये सतरंजी घेऊन येते. मी म्हटलं, चिऊला दे. चिऊ फोनवर एवढंच म्हणाली की मावशी, ते माझ्याकडे बघतं.

खोक्याला डोळे असतात होय गं, म्हणून मी तिला हसवलं. ती हसली नाही.

१८ मार्च, सोमवार

‘रुळला’वर सकाळभर घालवली. बसला लिहू की स्थिरावला की रमला. शेवटी रुळलाच. माणूस नव्या घरात रुळतो, हळूहळू त्याची उठायची-बसायची जागा ठरते, मग तो तिथलाच वाटायला लागतो. बरोबर तोच शब्द. स्वतःवर खूश होते. मी स्वतः कुठे रुळले नसले म्हणून काय झालं. खूण झाली. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, बाकीचे पाठ करून खातात.

संध्याकाळी, परतल्यावर: ताईशी बोलले. ती म्हणाली, दोघांना जेवायला वाढतेय, मग बोलू. मी म्हटलं, भावजी लवकर आले वाटतं. म्हणाली, नाही गं, मुलं.

मुलं?

मी विचारायच्या आत तिने फोन ठेवला.

२० मार्च, बुधवार

भावजींनी फोटो पाठवलाय. टेबलाशी ताई, शेजारी चिऊची खुर्ची. खुर्चीत चिऊचा पिवळा फ्रॉक आहे. फ्रॉकच्या वर जिथे तोंड असायला हवं तिथे करडा चौकोन. फोटो खराब झालाय म्हणून मी दोनदा उघडला. चौकोनाच्या कडा सरळ, कोपरे गोल केलेले. रोज बघते तो. त्याखाली बारीक अक्षरं आहेत की नाहीत ते मी मोठं करून बघितलं नाही.

कोपऱ्यात सतरंजीवर कुणीतरी पाय पोटाशी घेऊन बसलंय, अर्धवटच आलंय. ते पाय चिऊचे आहेत. उजव्या पायाला मागे दारात सापडून काळं झालेलं नख आहे.

खाली भावजींनी लिहिलंय, आमची चिऊ आता किती शहाण्यासारखी जेवते बघ.

२१ मार्च, गुरुवार

ताईला सांगितलं, ते खोकं बाहेर टाक, आत्ताच्या आत्ता, जाळ. ताई इतक्या थंडपणे बोलली, माझ्याशी ती कधी तसं बोलली नाही. म्हणाली, स्वतःच्या भाचीबद्दल असं बोलतात का. मी म्हटलं, ताई, चिऊ हॉलमध्ये आहे. म्हणाली, हॉलमध्ये? मग लांबून, आठवत आठवत — हो, ती. ती जाणार आहे ना.

कुठे जाणार आहे, विचारलं. ते तिला माहीत नव्हतं.

मी मफलरच्या टेबलावर फोटो उघडलेला फोन आपटला. म्हटलं, तुम्ही पत्ता बघितला होता, हसला होतात, बोलला का नाहीत. ते म्हणाले, मला कुणी सांगितलं होतं का. या रांगेत एकाला तरी कुणी सांगितलं होतं का. सगळ्यांनी हेच केलंय, पहिल्या आठवड्यात, आपल्या कुणाचातरी पत्ता घालून. अक्षरं मावतात का बघायला. मग तू काय आकाशातून पडलीस?

मी विचारलं, तुम्ही कुणाचा घातला. त्यांनी मफलर चाचपला. म्हणाले, हा मला कुणीतरी विणून दिलाय, घरातलंच माणूस. कोण ते आता येत नाही लक्षात, म्हणून काढत नाही. घरी जी आहे तिला विणता येत नाही. ती नुसती बसते.

पलीकडची बाई न वळता म्हणाली, रडायचं तर खाली गोदामात जाऊन रड.

२२ मार्च, शुक्रवार

काम बंद केलं. ‘बदलीचा माल तयार’ मी लिहिणारच नाही. मी लिहिते, मफलर खूण करतात, तेव्हाच ते पुढे सरकतं, आता एवढं कळलं. तर मग हात खिशात घालून बसते. काय करणार आहेत ते बघते.

मॅडम आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, राहिलेली पानं महिन्याच्या शेवटच्या शनिवारी यंत्राला जातात, यंत्र भाषांतर करतं, त्याला खूण लागत नाही. तुझ्याइतकं चांगलं नाही करत, पण गिऱ्हाईकाला चालतं.

शेवटचा शनिवार म्हणजे तीस तारीख. त्या दिवशी बदलीचा माल म्हणून चिऊला —

ताईकडे जायचं तर दोन गाड्या आणि एक बोट. पोचेन. पण पोचून काय करू, तिथे मला खोकं दिसेल आणि ताई म्हणेल, ही चिऊच. आणि यंत्र इथे चालेल.

२५ मार्च, सोमवार

रद्द करायचं पान असतंच ना. प्रत्येक दुकानात असतं. आपल्या भाषेत ते मला दिलेलंच नाही. मुळातल्या भाषेत दुकान उघडलं, तिथे आहे, तळाशी, बारीक. पण भाषा बदलली की माझी ऑर्डर दिसेनाशी होते. ज्या भाषेत दिली त्याच भाषेत तिला हात लावता येतो.

मॅडमकडे पान मागितलं. म्हणाल्या, आमचं गिऱ्हाईक रद्द करत नाही.

मग मी न मागता लिहायला घेतलं. मुळातलं एका बाजूला, आपलं दुसऱ्या बाजूला. लहान पान आहे.

नमुना वस्तू परत घेतली जात नाही. दुसऱ्या पत्त्यावर वळवता येते.

त्या पत्त्यावर कुणीतरी राहत असलं पाहिजे.

बदलीचा माल नेईपर्यंत तिथे कुणी न सापडल्यास वस्तू पहिल्या पत्त्यावर परत जाईल.

जसंच्या तसं लिहिलं. सोपं केलं नाही, गोड केलं नाही. यात एक शब्द चुकला तर चिऊ.

२६ मार्च, मंगळवार

मफलर खूण करेना. दिवसभर मी त्यांच्या मागे लागले. म्हणाले, माझ्या वेळी शेजारणीने केली नव्हती. पाया पडायचं बाकी ठेवलं होतं मी, तिने डबा उघडून खाल्ला माझ्यासमोर. तुझं का म्हणून व्हावं?

मी म्हटलं, तिचं वय सहा आहे. ते म्हणाले, माझं माणूस किती वर्षांचं होतं तेही मला माहीत नाही.

ताईला फोन केला, चिऊशी बोलायचंय म्हटलं. ताईने फोन दिला. पलीकडे कुणीच बोललं नाही. श्वासही नाही. नुसती घरघर, इथे गोदामातून पायांत येते तशी. ताई मागून कौतुकाने म्हणत होती, बोल ना मावशीशी.

सतरंजीवरून काही ऐकू येतं का म्हणून कान दाबून धरला. एकदाच आलं. लांबून. मावशी म्हणाली ती.

२७ मार्च, बुधवार

सकाळी मी पोचायच्या आत मफलरने खूण केलेली. आभार मानायला गेले तर म्हणाले, लाड नकोत. कुणाचा पत्ता घालतेस ते बघायचंय मला. या हॉलमधली सगळी जाणून आहेत, कुणी आपला घातला नसता.

सगळे वळून बसले होते. पहिल्यांदा सगळी तोंडं दिसली मला.

वहीत खोटं कशाला लिहू. मफलरचा घालावा, असं मनात आलं. विचारलं, कुठे राहता. हसले, म्हणाले, मी कुणाला पत्ता सांगेन असं वाटतं तुला? घरमालकिणीचा आला मनात. त्या एकट्याच असतात. त्यांना विचारणारं कुणी नाही. तोंडाशी आलेलं बोटांत उतरू दिलं नाही, एवढंच.

मग लिहिलं. तिसरा मजला, गॅलरीच्या टोकाचं दार. नावात माझं नाव. माझा म्हणून कागदावर लिहिलेला पहिला पत्ता. चौकोनात सहज मावला, अर्धा रिकामा राहिला.

मफलर म्हणाले, वेडी आहेस. मान फिरवून म्हणाले. बाकीचेही वळले आपापल्या पडद्याकडे. हिरमुसल्यासारखे.

दुपारी ताईचा फोन. रडत होती. म्हणाली, पोरगी हॉलमध्ये फरशीवर का झोपत होती गं, किती वाळलीये, मी काय करत होते इतके दिवस? मागे चिऊ भोकाड पसरून रडत होती, नख दुखतंय म्हणून. इतकं छान रडत होती.

२८ मार्च, गुरुवार

दाराबाहेर होतं. मी ऑफिसला निघताना. ओलांडून गेले.

परत आले तर आत. टेबलाखाली.

बघतं. चिऊ खरं सांगत होती.

दारात, घरात, रुळला, या तिन्ही ओळी चालूच आहेत, मीच केल्यात. थांबणार कशाला. उरल्या दोन. त्या शनिवारी यंत्र करेल.

पळून जाता येईल. बॅग भरायला मला किती वेळ लागतो. आयुष्यभर तेच केलं. पण इथे कुणी सापडलं नाही तर ते ताईकडे परत — म्हणून नाही. बसून राहायचं. बसणं जमत नाही मला. पाय हलतायत सारखे.

२९ मार्च, शुक्रवार

घरमालकीण जिन्यात भेटल्या. मी बाजूला झाले नाही, तरी त्या सरळ आल्या, खांदा लागला, मागे वळून बघितलं, आणि रिकाम्या पायरीकडे बघावं तसं बघून खाली गेल्या.

ऑफिसात माझी खुर्ची नाही. कप टोपलीत. कुणी मुद्दाम टाकलेला वाटला नाही. नको असलेला कप. काढून घरी घेऊन आले.

ताईचा मेसेज: आज तुझ्याशी बोलून किती बरं वाटलं. इतकी शांत कधी बोलली नव्हतीस. त्या खोलीत तुझं मन रमलं म्हणालीस, रडूच आलं मला.

मी फोन केला नव्हता.

ताई, ती मी —

लिहून पाठवायला गेले. अक्षरं उमटत नाहीत. वहीत उमटतायत अजून.

३० मार्च, शनिवार

सकाळ. ते पलंगावर आहे. माझी चादर. माझा निळा सदरा.

चिऊचा आवाज येतोय त्याच्याकडून, फोन त्याच्याजवळ आहे. चिऊ सांगतेय नवा दात येतोय. खुदखुदतेय. मावशी मावशी करतेय. चांगली आहे ती. चांगली आहे.

दार उघडंच आहे. गॅलरी मोकळी. तीन जिने उतरले की रस्ता —

नाही.

जिन्यात पावलं. दोन माणसं. दमलीत, बोलतायत, पायऱ्यांना नावं ठेवतायत. घरमालकीण खालून सांगतायत, वर आमच्या भाडेकरू बाई आहेत, त्या देतील काय न्यायचं ते.

गॅलरीत आले. दारात.

म्हणतायत, कुणी दिसत नाही रे इथे. दुसरा म्हणतोय, मग परत पाठवायचं, पहिल्या पत्त्यावर, लिही तसं —

नको लिहू. आहे. मी आहे, इकडे, टेबलापाशी, ऐकू येत नाही का — कप आपटते — इकडे बघा, मी आहे, मी इथंच राह